सुपारीच्या बागेतला पंक्तिभेद

केळगिनसर, ता. शिरसी
२ ऑगस्ट १९७४

चि. तंगी नागवेणीस सुब्रायण्णाचे अ. उ. आ.

धाकट्या बहिणीचं कार्ड पोचलं. तू मागवलास तसा कुजक्या सुपाऱ्यांचा डबा आज बंगळूरच्या बसच्या कंडक्टरकडे दिला. आत काय आहे म्हणून त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आलेला कुणी आहे की काय. शेवटी आईने केलेल्या फणसाच्या पापडांची एक चळत त्याच्या हातात ठेवली, तेव्हा कुठे डबा टपावर चढला. चांगली सुपारी खपवायला लाच देणारे पुष्कळ असतील, कुजकीसाठी देणारा मी पहिलाच हेगडे.

गावाला हसायला विषय मिळाला आहे. देवळातले भट्ट अप्पय्यांना विचारत होते, मुलीला एवढं शिकवलंत ते कुजकं गोळा करायला का? मी म्हटलं, चांगलं तर सगळेच गोळा करतात हो.

पण नागी, हसणं वरवरचं आहे. यंदा कोळेरोगाने कहर केला. घड हिरवेगार दिसतात आणि सुपाऱ्या पटापट गळतात. घडांवर गवताच्या टोप्या बांधल्या, मोरचूद-चुना फवारला, तरी खालची बाग हातची गेली. अप्पय्या सकाळी बागेत जातात आणि तोंडातून शब्द न काढता परत येतात. पूर्वी निदान शिव्या तरी द्यायचे. तुझ्या त्या काचेच्या चंबूंतून काही निघत असेल तर लौकर काढ.

आईला एवढंच कळायला हवं आहे, की तिकडे ताक मिळतं ना. शहरात गेलीस म्हणून आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
सुब्रायण्णा

बंगळूर
१४ ऑगस्ट १९७४

ती. सुब्रायण्णास नागवेणीचा कृ. सा. न. वि. वि.

डबा पोचला. मी झाकण उघडलं आणि प्रयोगशाळेतली माणसं चहाला निघून गेली, इतर दिवशी हाका मारून जात नाहीत. मला मात्र घरचा वास आला. खरंच सांगते, डोळे भरून आले.

अप्पय्यांना समजेल असं सांगते. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. ही बुरशी उलटी आहे, आधी पचवते आणि मग गिळते. ती स्वतःचा पाचक रस सुपारीच्या सालीवर सोडते, साल आतून शिजवल्यासारखी मऊ होते, मग ही आरामात जेवायला बसते. मला तो रस वेगळा काढायचा आहे. तो कसा बांधलेला आहे ते कळलं, तर त्याला अडवायचं कसं तेही कधीतरी कळेल. वर्षं जातील, पण अप्पय्यांना सांग, मी हे अर्ध्यावर टाकणार नाही. हा माझा शब्द.

ताक मिळतं. ते ताक आहे असं इथले लोक म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं. पुढचा डबा पाठवशील तेव्हा त्यात एक बरणी अप्पेमिडी कैऱ्यांच्या लोणच्याची असू दे, आणि ती कुजकी नको. सर्वांना नमस्कार. मला विसरू नका, एवढंच मागणं.

तुझी
नागवेणी

बंगळूर
९ मार्च १९८१

ती. सुब्रायण्णास कृ. सा. न. वि. वि.

अप्पय्यांच्या वर्षश्राद्धाला आले तेव्हा तुझ्याशी बोलायचं राहून गेलं, म्हणून लिहिते. रस सापडला, त्याची बांधणीही कळली. परदेशातल्या मासिकात निबंध छापून आला, त्यात नमुने कुठून आणले तिथे आपल्या केळगिनसरचं नाव आहे. अप्पय्यांनी पाहायला हवं होतं.

दुसरी बातमी. दिल्लीच्या संशोधन अनुदान मंडळाने मला एका समितीवर घेतलं आहे. देशभरातून अर्ज येतात आणि आम्ही आठ जण कुणाला पैसे द्यायचे ते ठरवतो. पहिल्या बैठकीला मी नवी सून होते, तोंड उघडलं नाही, नुसती बघत होते. आणि अण्णा, काय पाहिलं सांगू? आपली मुय्यी! आज मी तुझ्या अंगणात सुपारी सोलतो, उद्या तू माझ्या. फक्त इथे म्हातारे प्रोफेसर एकमेकांच्या चेल्यांचे अर्ज सोलत होते. धारवाड, गुलबर्गा, कटक असल्या गावांतल्या कॉलेजांचे अर्ज तर कुणी उघडलेसुद्धा नाहीत. दुपारच्या जेवणाआधी गठ्ठाच्या गठ्ठा निकालात निघाला.

मला राग आला आणि मी गप्प बसले, त्याचा आणखी राग आला. अत्तिगेला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

नागवेणी

केळगिनसर
२१ मार्च १९८१

चि. नागवेणीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि रागही आला. आनंद छापलेल्या नावाचा. मासिकाचं ते पान भट्टांना दाखवलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, तरी गावाचं नाव बोट ठेवून तीनदा वाचलं.

राग तू मुय्यीला नावं ठेवलीस त्याचा. अगं, मुय्यी अंगणात होते. दहा माणसं समोर बसलेली असतात. जो कामचुकारपणा करतो त्याची सगळ्यांसमोर टिंगल होते, पुन्हा त्याची हिंमत होत नाही. तुमचं ते दार लावून चालतं. दार लावून चालतं त्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, ते धाकट्या बहिणीला लिहिता येत नाही. ज्याचं नाकारलं त्याला का नाकारलं ते लिहून कळवा म्हणावं. आपोआप सरळ येतील.

आणि तू गप्प बसलीस? आमच्या घरात? आमची ही, तुझी अत्तिगे, हसून हसून बेजार झाली. आमची आठवण धरून राहा.

सुब्रायण्णा

बंगळूर
३ जून १९८४

ती. सुब्रायण्णास कृ. सा. न. वि. वि.

ही बातमी दुसऱ्याकडून कळली तर तू मला आयुष्यभर ऐकवशील, म्हणून आधी मीच सांगते. मंडळाने मला अध्यक्ष केलं आहे. दिल्लीला राहावं लागेल. प्रयोगशाळा बंद करावी लागेल.

गेल्या तीन वर्षांत समितीत मी फार बोलले. तुझं म्हणणं तुझं नाव न घेता मांडलं आणि शहाणी ठरले. आता नियम झालाय, की आपल्या नात्याचं माणूस किंवा आपला शिष्य अर्जात निघाला तर उठून खोलीबाहेर जायचं. आणि नाकारलेल्या प्रत्येकाला लेखी कारणं द्यायची, हे मी आता सुरू करणार आहे. एका चंबूपाशी मी एकटी काय ते करीन. त्या खुर्चीत बसून आडगावातल्या पन्नास जणांना चंबू देता येतील.

पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? काल कपाटं रिकामी केली आणि जमिनीवर बसून रडले. बुरशीचा रस कळला, तो बागेत अडवायचा कसा हे राहिलं. अप्पय्यांना दिलेला शब्द अर्धाच पाळला गेला. दुसऱ्या कुणीतरी तो पुढे न्यावा अशी आशा करते. रागावलास तरी पत्र लिही.

नागवेणी

केळगिनसर
१५ जून १९८४

चि. नागवेणीस अ. उ. आ.

रागावलो आहे, तरी पत्र लिहितो आहे. आचारी हाताला चव असताना वाढपी झाला, असं हे झालं. लोक म्हणतील हेगड्यांची मुलगी दिल्लीत मोठी झाली. मी म्हणेन, आमची बुरशी तशीच राहिली.

हे वाचून तुझी अत्तिगे म्हणाली, पंगत उठेपर्यंत सगळी माणसं वाढप्याच्याच तोंडाकडे बघतात, आचाऱ्याला कोण ओळखतं? आणि वाढपी प्रामाणिक असला तर शेवटच्या पानापर्यंत लाडू पोचतो. तेव्हा मीही आशीर्वाद देतो. जा. थंडीचे कपडे ने, दिल्लीच्या थंडीत आपल्याकडची माणसं काकडून जातात म्हणे. आई असती तर एवढंच म्हणाली असती.

सुब्रायण्णा

केळगिनसर
१० नोव्हेंबर १९८५

चि. नागवेणीस अ. उ. आ.

आज खूशखबर! सेलिन पिंटो नावाची मुलगी आपल्याकडे येऊन राहून गेली. मूळची मंगळूरची, धारवाडच्या एका कॉलेजात तुझाच विषय शिकवते. तुझा तो निबंध वाचून, त्यातलं गावाचं नाव धरून शोधत आली. तू इथली हे तिला ठाऊकच नव्हतं! अप्पय्यांच्या फोटोशेजारी तुझा फोटो पाहून जी किंचाळली, की गोठ्यातल्या म्हशी उठल्या.

बुरशीचा तो रस सालीवरच निकामी करणारं काहीतरी तिने तयार केलं आहे. ते बागेत मारून पाहायला पैसे हवेत, म्हणून तुझ्या मंडळाकडे अर्ज करते आहे. माणसाने काम करावं तर असं. चार संध्याकाळी अंगणात आमच्याबरोबर बसून सुपारी सोलली, बोटं कापून घेतली. तिचं पान ओसरीवर मांडत होतो, तिथे वारा चांगला लागतो. मग गावाने ठरवलं, हिच्या मुय्यीचं देणं डोक्यावर ठेवायचं नाही. झाडावर चढणारे गडी आम्ही देणार, फवारणारे आम्ही देणार.

एका गोष्टीवर मी अडलो. ती म्हणे अर्ध्या झाडांना औषध मारू, अर्ध्यांना काहीच नको. मी म्हटलं, माझ्या बागेत असला पंक्तिभेद चालणार नाही. एकाला लाडू आणि शेजारच्याला रिकामं पान? वाढायचं तर सगळ्यांना. बिचारी पाहुणी, मुकाट्याने खोडलं तिने.

शिवाय अर्जाला मी माझं एक पत्र जोडलं आहे. तुमचं काम सोपं होईल असं केलं आहे. आता तू आहेस, काळजी नाही.

सुब्रायण्णा

नवी दिल्ली
१९ फेब्रुवारी १९८६

ती. सुब्रायण्णास कृ. सा. न. वि. वि.

अर्ज आलेला असताना मला तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. काल बैठक झाली.

उपाध्यक्ष प्रोफेसर सान्याल अर्ज वाचत होते. शेवटी तुझं पत्र आलं आणि त्यांनी तेही खड्या आवाजात वाचलं: अध्यक्षीणबाई माझी धाकटी बहीण असून बागेतलं प्रत्येक झाड तिच्या ओळखीचं आहे, सबब चौकशीला माणूस पाठवून मंडळाने उगाच खर्च करू नये. अण्णा, सगळी खोली हसली. मीही हसले. आणि मग उठून बाहेर गेले. नियम मीच केलेला, पहिल्याने तो माझ्याच पायात आला.

बाहेर बाकावर बसले. शिपायाने चहा आणला, तो निवला. आत अप्पय्यांना दिलेला शब्द टेबलावर पडला आहे आणि मी दाराशी, असं वाटत होतं. आत असते तर मी बोलले असते. नक्की बोलले असते, आणि माझ्यापुढे कुणी नाही म्हटलं नसतं. म्हणूनच मला बाहेर बसणं भाग होतं.

अर्ज नामंजूर झाला. का, ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. कारणं सेलिनला लेखी मिळतील. तू रागावशील हे धरूनच लिहिते आहे. तरी माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस रे.

नागवेणी

केळगिनसर
६ जुलै १९८६

चि. नागवेणीस अत्तिगेचे आशीर्वाद.

तुझ्या अण्णांचं पत्र नाही म्हणून तू तीन कार्डं टाकलीस. ती सगळी त्यांनी वाचली आणि पंचांगात ठेवली. उत्तर मी देते, कारण आमच्यातलं कुणीतरी शहाणं असायला हवं.

शिवरात्रीपासून यांचं तोंड फुगलेलं. देवळात भट्टांनी डिवचलं, काय हेगडे, बहीण अध्यक्ष असून उपयोग काय? हे घरी येऊन मला म्हणाले, आपल्या माणसाचं पान मांडलं तेव्हाच तिला उठायचं सुचलं. मी समजावलं, पण दगडावर पाणी.

मग सेलिन आली, मंडळाचा कागद घेऊन. त्यात लिहिलं होतं, कल्पना चांगली आहे, पण औषध न मारलेली झाडं शेजारी नाहीत. मग रोग औषधाने हटला की त्या वर्षी पाऊसच कमी झाला म्हणून, हे कळणार कसं? तशी झाडं ठेवून पुन्हा अर्ज करावा. पोरीने अगदी हळू आवाजात वाचलं. तुझे अण्णा पान-सुपारीचं कवळ चघळत होते, ते चघळायचे थांबले. मला तर हसू आवरेना. सगळं जग शोधलं आणि चोर आपल्याच ओसरीवर सापडला!

त्यांना म्हटलं, एकादशीला पंगतीत कुणी उपास धरून बसला तर त्याला पंक्तिभेद म्हणता का? तसा त्या झाडांचा उपास समजा. मग मला राहवेना म्हणून दुसरंही बोलले. म्हटलं, झाडांत पंक्तिभेद नको म्हणता आणि या लेकीचं पान ओसरीवर मांडता. वारा स्वयंपाकघरातही येतो. भिंतीकडे तोंड करून बसले होते ते तसेच उठले, आणि जेवणाच्या वेळी स्वतः जाऊन तिचं पान उचललं आणि आत आणून आपल्या शेजारी मांडलं. सेलिनला काय झालं ते कळलं की नाही कोण जाणे, पण ताकातली तंबळी तिने तीनदा मागून घेतली.

काळजी करू नकोस. राग गेला आहे, आता नुसती लाज उरली आहे, आणि पुरुषांची लाज जरा सावकाश जाते. अधूनमधून पत्र टाक, मला बरं वाटतं.

तुझी अत्तिगे
महादेवी

नवी दिल्ली
१८ जुलै १९८६

सौ. महादेवी अत्तिगेस नागवेणीचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि दार लावून हसले, मग रडलेही. अर्जाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, तो पुन्हा येईल तेव्हा पुन्हा मी बाकावर असेन. अण्णाला मात्र एक सांग. पंचांगातली कार्डं काढून नीट ठेव म्हणावं, युगादीच्या पाडव्याला नवं पंचांग आलं की जुनं रद्दीत जातं. तुला फार फार लोभ.

नागवेणी

केळगिनसर
२ मार्च १९८७

चि. तंगी नागवेणीस सुब्रायण्णाचे अ. उ. आ.

तुला कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. अर्ज मंजूर झाला! सेलिन धारवाडहून पहाटेची बस धरून आली. दारातूनच ओरडत होती, त्यामुळे कागद वाचायची गरज राहिली नाही. तरी मी तो दोनदा वाचून घेतला. आत माझ्याच शेजारी जेवली आणि लगेच बागेत पळाली.

उपासाची झाडं मी स्वतः निवडली. वरच्या बांधाजवळची रांग आणि विहिरीकडची रांग, अप्पय्यांनी लावलेली, चांगली झाडं. वाईट झाडं उपाशी ठेवून चांगल्यांना औषध मारलं असतं तर ती लबाडी झाली असती, एवढं मलाही कळतं. खूण म्हणून बुंध्याला चुना लावताना हात जरा अडला. पावसाळ्यात ती रांग गळताना बघवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. औषधाने काय होईल तेही ठाऊक नाही. सेलिनसुद्धा विचारलं की बघू म्हणते, आणि अगदी तुझ्यासारखी म्हणते.

गेलं वर्षभर मी तुला पत्र लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि तू बाहेरच्या बाकावर एकटी बसलेली दिसायचीस, चहा निवलेला. माझ्याच पत्रापायी बसलेली. मग पेन खाली ठेवायचो. मला फार वाईट वाटलं, नागी.

शिवरात्रीच्या प्रसादाला सगळा गाव देवळात होता. मंजुरीची बातमी पोचलेलीच होती. भट्टांनी चारचौघांत टाळी मागत म्हटलं, हेगडे, यंदा बहिणीने काम केलं म्हणायचं! सगळे हसले. गेल्या वर्षी हेच ऐकायला मी जीव टाकला असता. मी द्रोण खाली ठेवला, उभा राहिलो आणि म्हणालो, भट्टांनो, माझी बहीण त्या वेळी खोलीत नव्हती. दिल्लीला जाऊन कुणालाही विचारून या. दोन्ही वेळा नव्हती.

मग कुणी हसलं नाही. आणि मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा प्रसाद मागून घेतला.

सुट्टी काढून ये. आम्ही सगळे वाट बघतो आहोत.

तुझाच
सुब्रायण्णा